कायाकवरची जिवंत आमिषाची टाकी: नवा पंप घेण्याआधी पाण्याची वाट तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कायाकवर (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) बसायच्या जागेमागे आमिषाचे मासे जिवंत ठेवायची २० लिटरची टाकी आहे. १२ व्होल्टचा छोटा पंप स्कपरच्या, म्हणजे डेकवरचं पाणी निघून जावं म्हणून तळापर्यंत आरपार ठेवलेल्या, भोकातून पाणी ओढतो. बॅटरी ७ अँपिअर-तासाची, शिशाची, वर्षभर जुनी. ती दिवसभर पुरावी म्हणून अलीकडेच टायमर बसवलाय: एक मिनिट पंप चालू, चार मिनिटं बंद. गेल्या दोन फेऱ्यांत वीस-पंचवीस तारल्या दीड तासाच्या आत उलट्या होऊन तरंगल्या. पंपाचा आवाज शेवटपर्यंत येत होता, पण टाकी अर्ध्याच्या वर भरत नव्हती आणि धार बारीक झाली होती. आता दुप्पट ताकदीचा पंप घ्यावा का?

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. मी बारा-तेरा वर्षं कायाकवरून गरवतोय, तीन टाक्या स्वतः जोडल्या आणि ओळखीच्यांच्या कितीतरी दुरुस्त केल्या. त्यात खरोखर मेलेले पंप फार थोडे निघाले. बहुतेक वेळा पंप बिचारा फिरत असतो आणि पाणी वाटेत कुठेतरी अडलेलं किंवा परत पळालेलं असतं. तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे दोष दिसतात आणि ते एकमेकांना झाकतायत.

पहिला दोष टायमर लावल्यावर सुरू झाला असणार. पंप बंद असतानाच्या चार मिनिटांत टाकीतलं पाणी जातं कुठे ते बघा. या पंपांत झडप नसते. पंखा थांबला की पाण्याला दोन्हीकडून वाट मोकळी. टाकीत येणाऱ्या नळीचं तोंड पाण्याखाली बुडालेलं असेल, तर पंप थांबताच तीच नळी वक्रनलिकेसारखी काम करते आणि टाकीतलं पाणी उलट्या दिशेने समुद्रात ओतते. नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत हे चालतं. तोंड टाकीच्या मध्यावर असेल तर पाणीही बरोबर मध्यावर येऊन थांबतं. पंप सतत चालू असायचा तेव्हा हे कधी दिसलंच नसेल, कारण पाणी मागे यायला उसंतच नव्हती. धार जोरात असेल तर पुढच्या एका मिनिटात गेलेलं पाणी भरून निघतं. धार बारीक झाली की ते भरत नाही, आणि टाकी दिवसभर अर्धीच राहते.

खात्री करायला किनाऱ्यालगत, गुडघाभर पाण्यात कायाक उभी करा. टाकी काठोकाठ भरा, पंप बंद करा, भिंतीवर पाण्याच्या रेषेशी पेन्सिलीने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. पाणी उतरून नळीच्या तोंडाशी थांबलं तर दोष हाच. तोंडाच्याही खाली उतरत राहिलं तर तळाचा बोळा किंवा जोड गळतोय.

उपाय स्वस्त आहे. आत येणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीच्या बोटभर वर, टाकीच्या आतल्या बाजूला, ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून बारीक पिचकारी उडेल, ती टाकीतच पडते. पंप थांबला की त्याच भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. अशा जागी काही जण एकदिशा झडप बसवतात. मी बसवत नाही. एवढ्या कमी दाबाच्या पंपाला ती झडप उघडी धरणंच जड जातं, आणि वाळूचा एक कण अडकला की ती ना धड उघडते ना धड बंद होते.

आता दुसरा दोष, बारीक होत जाणारी धार. इथे थोडा हिशेब करू. असा पंप साधारण २ अँपिअर खातो. पाच मिनिटांतून एक मिनिट चालला तर दीड तासात तो प्रत्यक्ष १८ मिनिटं चालला, म्हणजे ०.६ अँपिअर-तास. ७ अँपिअर-तासाच्या धडधाकट बॅटरीला एवढं जाणवायलाही नको. म्हणून तीनच शक्यता उरतात: बॅटरी म्हातारी झाली आहे, तारेचे जोड सडलेत, किंवा पाण्याच्या वाटेत काहीतरी अडकलंय.

सुरुवात जाळीपासून करा, कारण तिथे पैसे लागत नाहीत. पंपाच्या तळाशी असलेली जाळी दोन्ही बाजूंच्या कळा दाबल्या की निघते. शेवाळाचा एक धागा, प्लास्टिकचा कपटा किंवा एखादं पान बोटाएवढ्या वाटेला पुरतं. जाळी साफ असेल तर पंख्याकडे बघा. पंखा हाताने फिरवा. तो सहज फिरला पाहिजे. अडखळत असेल तर उजेडात नीट न्याहाळा. पंख्याच्या मागे, दांड्याभोवती, करड्या केसांचा छल्ला गुंडाळल्यासारखं काही दिसेल. तो तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, असतो. तुटलेल्या दोरीचा वीतभर तुकडा आत ओढला जातो, दांड्याभोवती घट्ट आवळतो आणि घासून घासून तापतो. ब्लेडच्या टोकाने तो एका जागी कापा आणि चिमट्याने वेढे उलगडत काढा. दांड्याला ओरखडा पडू देऊ नका, कारण त्याच्यालगत मोटरीत पाणी जाऊ न देणारं रबरी सील असतं. सील गेलं की तिथून तपकिरी गंजाचं पाणी झिरपायला लागतं. ते दिसलं तर मात्र पंप बदला. सीलबंद मोटर उघडून दुरुस्त करायचा नाद मी दोनदा केला, दोन्हीदा पुढच्या फेरीत पंप मधेच बंद पडला आणि आमिष गेलं.

पंप मोकळा असेल तर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) घ्या. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली की १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. पण हा आकडा एकटा फसवतो. खरं मोजमाप पंप पाण्यात बुडवून, चालू असताना घ्यायचं: एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि लगेच दुसऱ्यांदा पंपाजवळच्या जोडावर. बॅटरीवरचाच आकडा दहा-पंधरा मिनिटांत साडेअकराच्या खाली घसरला तर बॅटरी संपलेली आहे. बॅटरीवर १२.४ आणि पंपाजवळ ११.६ असेल तर बॅटरी निर्दोष, मधली तार चोर आहे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक मी खपवून घेत नाही.

खाऱ्या पाण्यात तार कशी सडते हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. बाहेरचं आवरण अगदी नव्यासारखं असतं. जोडावरची चिकटपट्टी सोडवली की आत हिरवी भुकटी दिसते. तेवढं कापून टाकलं आणि तार सोलली तर तांबं काळं पडलेलं. आणखी बोटभर सोलली तरी काळंच. खारं पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून आत आत चढत जातं. लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, मगच नवा जोड करा. तार बदलायचीच असेल तर कथिलाचा मुलामा असलेली, बोटींसाठीची घ्या. जोडावर आतून डिंक असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवा आणि दोन्ही टोकांना वितळलेला डिंक बाहेर आलेला दिसेपर्यंत तापवा. नुसती चिकटपट्टी पाणी अडवत नाही, आत शिरलेलं पाणी धरून ठेवते. जमेल तर जोड बॅटरीच्या डब्यातच घ्या, डेकवर उघडा जोड ठेवू नका.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत हवा, आणि पंपावर छापलेल्या आकड्याचाच हवा. तो वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालणं हा उपाय नव्हे. पंखा अडकलाय किंवा तार कुठेतरी टेकलीय, ते शोधा. आणि तार पुन्हा जोडताना धन-ऋण बदलू देऊ नका. या मोटरी उलट्याही फिरतात. पंप गुणगुणतो, थोडं पाणीही येतं, आणि माणूस आठवडाभर भलतीकडेच दोष शोधत राहतो.

आवाज येतोय पण पाणी अजिबात नाही, असंही होतं. ती हवा अडकण्याची तक्रार. हे पंप पाणी ढकलतात, हवा ढकलू शकत नाहीत. लाटेवर कायाक उचलली गेली, पंप क्षणभर उघडा पडला, आत हवेचा गोळा बसला की पंखा त्याच गोळ्यात फिरत राहतो. पंप आडवा बसवला असेल तर त्याचं बाहेरचं तोंड वरच्या बाजूला वळवा, म्हणजे हवा आपोआप निघून जाईल. नळी पंपापासून टाकीपर्यंत सलग चढती ठेवा. मधे झोळ पडला तर पुन्हा हवा अडते. आतून गुळगुळीत नळी वापरा. खाचांची नळी वळते छान, पण प्रवाहाचा बराच जोर खाते.

स्कपरमधून पाणी घेणाऱ्यांची आणखी एक अडचण. कायाक थांबलेली असताना टाकी भरते आणि वल्हं मारायला लागलं की धार तुटते. वेगात पुढे जाताना भोकाखालून वाहणारं पाणी भोकातलं पाणी खाली खेचतं आणि सोबत बुडबुडे आणतं. पाणी घेणारं तोंड तळाच्या तीन-चार सेंटिमीटर खाली उतरवून पुढच्या दिशेला तिरकं कापलं की चालताना पाणी नळीत आत ढकललं जातं. फक्त ते वर ओढून घेता येईल असं बसवा. उथळ पाण्यात ते आधी आपटतं, आणि आपटलं की नळीच नाही, स्कपरची कडही चिरते.

आता प्रवाह किती हवा ते. पंपावर तासाला १९०० लिटर छापलेलं असतं, पण तो आकडा पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो. चढ, वळणं आणि बॅटरीची स्थिती यांतून प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं. बादली आणि घड्याळ घ्या. १० लिटर भरायला एक मिनिट लागत असेल तर तासाला ६०० लिटर, म्हणजे तुमच्या टाकीतलं पाणी दर दोन मिनिटांना बदललं. हे भरपूर झालं. तारलीसारख्या नाजूक माशाला मी तासाला निदान दहा वेळा पाणी बदलेल असं बघतो, म्हणजे २० लिटरला २०० लिटर. तुमच्या टायमरवर, धार चांगली असतानाही, तासाला १२० लिटरच येतं. दोन मिनिटं चालू, तीन बंद असं करून बघा.

दुप्पट ताकदीच्या पंपाला माझा विरोध आहे तो याचसाठी. २० लिटरच्या टाकीत जोरदार धार सोडली की मासे दिवसभर पुरात पोहतात. झाकण उघडून पाच मिनिटं त्यांच्याकडे नुसतं बघा. सगळे एका दिशेला तोंड करून, शेपूट सावकाश हलवत जागच्या जागी टिकले असतील तर प्रवाह बरोबर. मागे ढकलले जाऊन बाहेरच्या जाळीला टेकत असतील तर जास्त. वर येऊन तोंडाने पाणी गिळत असतील तर कमी, किंवा मासे जास्त. आत येणारी धार मध्यभागी सोडू नका. भिंतीला समांतर सोडली की पाणी गोल फिरतं. तारल्या सतत पुढे पोहूनच कल्ल्यांतून पाणी घेतात, त्यांना हा गोल फेरा लागतोच. चौकोनी टाकीच्या कोपऱ्यांत त्या नाक आपटून घेतात; लाल झालेली नाकं दिसली तर कोपऱ्यांत लवचीक प्लास्टिकचा पत्रा वाकवून बसवा. जोर कमी करायचा झाला तर पंपाच्या पुढच्या नळीवर तोटी बसवून करा, त्याने पंपाला इजा होत नाही. ओढणाऱ्या बाजूला मात्र कधीही अडवू नका.

बाहेर जाणारी वाट आत येणाऱ्या वाटेपेक्षा रुंद हवी. खवले आणि माशांनी ओकलेलं खाणं त्या जाळीवर थापलं जातं, पाणी तुंबतं आणि झाकणाखालून ओसंडून थेट तुमच्या पाठीवर येतं. बाहेरच्या उभ्या नळीला एक मोठं भोक ठेवण्यापेक्षा वेगवेगळ्या उंचीवर बरीच छोटी भोकं पाडा. खालची बुजली तरी वरची चालतात.

गळतीबद्दल एकच गोष्ट आवर्जून सांगतो, कारण यात फार जण वेळ घालवतात. या टाक्या आणि कायाकचं अंग बहुधा पॉलिथिलीनचं असतं आणि त्यावर सिलिकॉन चिकटत नाही. चिकटल्यासारखं वाटतं, दोन फेऱ्यांनी सालीसारखं निघून येतं. भिंतीतून नळी जाते तिथे रबरी वॉशर आणि नटचा जोड हवा. वॉशर पाण्याच्या बाजूला, कडेखाली, आणि नट कोरड्या बाजूला. हाताने घट्ट करा, मग पान्याने पाव फेरा, बस. जास्त आवळला की वॉशर चेपून बाहेर सरकतो आणि गळती वाढते. तडा गेला असेल तर त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून जोड द्यावा लागतो, आणि तडा पुढे पळू नये म्हणून आधी त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडावी लागतात.

आता आमिषाबद्दल. सगळं यंत्र ठीक असूनही मासे मरतात, तेव्हा बहुतेकदा ते टाकीत पडायच्या आधीच अर्धे मेलेले असतात. तारलीचे खवले नुसत्या कोरड्या बोटांनी निघतात. खवले आणि वरचा बुळबुळीत थर गेला की माशाच्या अंगातल्या क्षारांचा तोल बिघडतो, आणि असा मासा तासा-दीड तासाने जातो. तुमची वेळ नेमकी हीच आहे, म्हणून हेही तपासा. गाठी नसलेली जाळी वापरा, हात ओला करा, शक्यतो हात न लावता पाण्यासकट ओता. हाताला उन्हाचं मलम, साबण किंवा इंधन लागलेलं नको. टाकीत कुठे पितळी जोड असेल तर काढून प्लास्टिकचा घाला. तांबं माशांना विषारी असतं.

वीस-पंचवीस तारल्या २० लिटरमध्ये, उन्हाच्या दिवशी, मला जास्त वाटतात. वीतभर लांबीच्या माशाला मी दोन लिटर पाणी धरतो, म्हणजे दहा मासे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात; समुद्राच्या पाण्यात ३० अंशांना जेमतेम सहा. त्याच उन्हात माशाची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे झाकण फिकट रंगाचं ठेवा आणि दुपारी टाकीवर ओलं फडकं टाका. आणखी एक सवय लावून घ्या: मासे टाकल्यावर पहिला अर्धा तास टायमर अजिबात नको, पंप सतत चालू द्या. घाबरलेले मासे त्या वेळात सगळं खाल्लेलं ओकतात आणि विष्ठा टाकतात. पाण्यावर चिवट फेस दिसला की समजा घाण अजून आत आहे. फेस गेल्यावर टायमर लावा.

वजनाचा विचार प्रत्येकाने करायलाच हवा. २० लिटर म्हणजे २० किलो, तेही मागे आणि उंचावर. भरलेली टाकी जड असते, पण अर्धी टाकी जास्त धोक्याची, कारण पाणी एका कडेला धावतं आणि कायाक ज्या बाजूला कललेली असते त्याच बाजूला तिला आणखी ओढतं. दर फेरीत तुमची टाकी अर्धी राहत होती, हे मला मेलेल्या तारल्यांपेक्षा जास्त खटकलं. लाटा फुटतात तो पट्टा ओलांडेपर्यंत टाकी रिकामी ठेवा, पलीकडे जाऊन भरा आणि परत येताना पट्ट्याच्या आधी रिकामी करा. तळाचा बोळा बसल्या जागेवरून, मागे हात घालून काढता येतो का, हे किनाऱ्यावरच करून बघा. गोड्या पाण्याच्या तलावावर असाल तर टाकीतलं पाणी आणि उरलेलं आमिष दुसऱ्या तलावात कधीही ओतू नका. डोळ्यांना न दिसणारी शिंपल्यांची पिल्लं आणि रोग असेच पसरतात.

घरी आल्यावर दहा मिनिटांचं काम असतं. पंप गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून पाच मिनिटं चालवा, म्हणजे नळीही धुतली जाते. पाच-सहा फेऱ्यांनंतर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पाव तास फिरवा. क्षारांचा पांढरा थर सुटतो. टाकीला वास धरला असेल तर अगदी सौम्य ब्लीचने पुसा आणि वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन उन्हात वाळवा. व्हिनेगर आणि ब्लीच एका दिवशी वापरू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. साबण टाकीच्या जवळही नको.

शिशाची बॅटरी त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा, कायाकच्या बंद पोटात नाही, मोकळ्या हवेत. अर्धवट उतरलेली आठवडाभर पडून राहिली की तिची ताकद कायमची घटते. तुमची वर्षभरातच थकली असेल तर बहुधा असंच झालं. बदलायची वेळ आली तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या आणि तिच्यासाठीचाच चार्जर वापरा. वजन निम्म्याच्या आसपास येतं आणि व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकतं. फक्त तिची खोड लक्षात ठेवा. ती संपत आली तरी धार बारीक होत नाही, एकदम थांबते, म्हणून तासांचा हिशेब तुम्हालाच ठेवावा लागेल.

तुम्ही आता या क्रमाने जा: नळीला भोक, जाळी आणि पंखा, चालू पंपावर दोन्हीकडचं व्होल्टेज, मग दहाच मासे घेऊन एक फेरी. मोजलेले दोन्ही आकडे आणि १० लिटरची बादली भरायला लागलेला वेळ मला कळवा. त्यावरून पंप खरंच कमी पडतोय का ते नक्की सांगता येईल.